बाथरूममधला दुसरा आवाज

फिलू, मी तुला "नाही" बोलले आणि तू गेलीस. आता ते "नाही" मी कुठे नेऊन टाकू?

पुढच्या शुक्रवारी इथे दोह्याच्या चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आहे. मला लिहिता येतं ते चौथीपर्यंतचं, आणि आता बोटं पण वळत नाहीत, म्हणून मी फोनमध्ये बोलतेय. माझी नात शेरन फोन धरून बसलीय. तिला मराठी सगळं कळतं, लिहायचं म्हटलं की हात वर करते. वसईला तुझी भाची हे ऐकून उतरवून काढणार आणि आपल्या माणसांना वाचायला देणार. तुझं वय, तुझी नोकरी, तुझ्या मागे कोण कोण, ते तुझ्या लवीनाने फोटोसकट छापून दिलंय. आईचं सगळं व्यवस्थित केलं तिने. मी ते परत सांगत नाही. माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, तेवढं मला बोलू दे.

हॉस्पिटलात मला जवळ बोलावलंस तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. लवीनाने मला खुर्चीसकट ओढून तुझ्या खाटेला लावलं. तू माझं मनगट धरलंस आणि एका बोटाने ताल द्यायला लागलीस. मला वाटलं आता इथे पण गायला लावते की काय.

"रेजीन, दुसरा आवाज शेरनला दे."

"नाही."

"का गो?"

"तू बरी हो, मग बघू."

तू मास्कच्या आत हसलीस. मास्क आतून पांढरा झाला. "माझंच मला देतेस होय?"

खरंच, "मग बघू" हे तुझंच. आख्खं आयुष्य तू मला तेच देत आलीस. म्हणून मी पण दिलं. पुढच्या शुक्रवारी परत येणार होते, तेव्हा काय बोलायचं ते ठरवत होते. तू गुरुवारी गेलीस.

आपण चौघं. तू, मी, माझा नवरा बावतीस आणि तुझा चुलत भाऊ अंतोन. बावतीस होता तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते, आता घेते, आता कोण ओ देणार आहे. तुझा पहिला आवाज, म्हणजे गाण्याची चाल. अंतोनचा तिसरा. बावतीसचा चौथा, तळातला, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि माझा दुसरा. दुसरा म्हणजे चालीच्या जरासा खाली, आत, मधे. तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण काढला की गाणं पोकळ लागतं, असं तू बोलायचीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मला स्वतःला ते कधी ऐकायला मिळालंच नाही.

वसईत आपण एका आळीतल्या, पण तिथे कधी एकत्र गायलो नाही. विहिरीवर भेटायचो तेवढंच. गाणं इथे दोह्याला येऊन सुरू झालं, आणि ते कसं सुरू झालं ते तू कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगते.

मी अल रय्यानला एका घरात मुलं सांभाळायला होते. बावतीस एसीचा मेकॅनिक, तो कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत आठ माणसं. माझा मेल्विन तीन वर्षांचा, वसईला सासूकडे. तिघांचं कुटुंब आणि तीन ठिकाणी. मॅडम वाईट नव्हती. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आणि गेटची चावी ड्रायव्हरकडे. घर इतकं मोठं की सकाळी पुसायला घेतलं की दुपार व्हायची, आणि एवढ्या घरात माझी जागा म्हणजे इस्त्रीच्या टेबलामागची गादी. भिंत उंच. रस्त्यावरची गाडी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मी गाड्या ऐकून ऐकून ओळखायला लागले होते, ही पाण्याची, ही शाळेची. चार महिने गेटबाहेर पाय पडला नव्हता तेव्हा तू आलीस.

तू नर्स, त्याच कपड्यात आलीस, मुद्दाम. तुझ्या मोडक्या अरबीत मॅडमला बोललीस, शुक्रवारी आमची प्रार्थना असते, चार आवाजांची, हिच्याशिवाय तीन उरतात, तिघांनी होत नाही. मॅडम बोलली, मग दुसरी कुणी बघ. तू बोललीस, दुसरी नाही, तो आवाज हिचाच आहे.

किती खोटं, फिलू. तोवर तू माझा आवाज ऐकला पण नव्हतास. मी गाते हे मलाच कुठे माहीत होतं.

मॅडमने दोन ते सहा सुट्टी दिली. टॅक्सीत बसल्यावर तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. "आता गायलाच पायजे, नाहीतर माझी लाज जाईल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परत गादीवर जा. इस्त्री कर."

असा माझा दुसरा आवाज झाला. देवाने नाही दिला. तू दिलास, गेट उघडायला.

तुझा फ्लॅट ओल्ड एअरपोर्ट एरियात. तेव्हा इथे आपल्याला चर्च नव्हतं, घराघरात प्रार्थना व्हायची. खिडक्या लावायच्या, दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायला नको म्हणून चपला आत घ्यायच्या, आणि हळू गायचं. तुझ्यासारखी शिकवायची पद्धत मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. चौघं एका खोलीत बसले की एकमेकांच्या आवाजात वाहून जातात, म्हणून तू चौघांना चार ठिकाणी कोंडायचीस. तू हॉलमध्ये. बावतीस बेडरूममध्ये. अंतोन किचनमध्ये, तिथे तो गाता गाता बोंबील खायचा. आणि मी बाथरूममध्ये, कारण तिथे लाद्यांवरून माझा आवाज माझ्याकडेच परत यायचा. सगळी दारं बंद. ज्याने त्याने आपापला आवाज गायचा. मी चुकून तुझ्या चालीवर गेले की तू येऊन बाथरूमच्या दारावर थाप मारायचीस, एकच, जोरात. मी परत खाली यायची. आवाज पक्के झाले की तू एकेक दार उघडायचीस.

तुला एक गोष्ट कधी लक्षात आली का गो? आम्ही नवरा-बायको आठवड्यातून एकदा भेटायचो, तुझ्या घरी, चार तास. आणि त्यातले तीन तास तू आम्हाला वेगळ्या खोल्यांत बंद करायचीस. बावतीस बेडरूममधून ओरडायचा, "फिलू, आज एकच गाणं शिकव, बायकोला बघू दे!" आणि तू हॉलमधून, "आधी ऐक, मग बघ!"

पण मी ऐकायची. भिंतीपलीकडून त्याचा चौथा आवाज लाद्यांमधून पायात यायचा. कमोडच्या झाकणावर बसून मी माझ्या नवऱ्याबरोबर संसार केला, सहा वर्षं.

तुझ्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीची हलीमाभाभी राहायची. बाथरूमचा पाइप सरळ तिच्या बाथरूममध्ये जायचा. एकदा जिन्यात मला थांबवून बोलली, "तुम्ही शुक्रवारी काय गाता हो? भारी आहे. मला पण पाठ झालं." आणि तिने गाऊन दाखवलं. फिलू, ती माझा आवाज गात होती, नुसता माझा. तिला पाइपातून तेवढाच ऐकू यायचा, तिच्यासाठी तेच गाणं. भांडी घासताना म्हणते बोलली. मी तशीच जिना उतरले. पण सांगते, सगळ्या जगात ती एकच बाई होती जिला दुसरा आवाज म्हणजे आख्खं गाणं वाटलं. मग ती रत्नागिरीला परत गेली.

माझी आई गेली तेव्हा मला जायला मिळालं नाही. मॅडम बोलली, मुलांच्या परीक्षा झाल्या की जा. परीक्षा झाल्या तोवर आईची महिन्याची मिस्सा पण होऊन गेली होती. आई गेल्याचा निरोप आला त्या शुक्रवारी तू मला हॉलमध्ये तुझ्या शेजारी बसवायला लागलीस. "आज आत नको जाऊ. इथे बस, रडायचं तर रड." मी उठून बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. आपण विहिरीचं गाणं म्हटलं, तू रचलेलं, आळीतल्या विहिरीवर. "माझ्या विहिरीला पाणी दे, प्रभू." मी शेवटपर्यंत माझा आवाज सोडला नाही. एकदाही थाप मारायला लागली नाही तुला. मग तू चहा दिलास आणि काही बोलली नाहीस. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. आता मानते.

आणि ती फजिती. आपल्याकडे सूर द्यायला पेटी नव्हती. हॉलच्या खिडकीत जुना एसी, तो घूं करायचा, आणि तू त्या घूंवरून सूर उचलायचीस. बावतीसला सहन व्हायचं नाही. मेकॅनिक माणूस, बिघडलेलं मशीन समोर आणि हात लावायची बंदी.

"फिलू, पाच मिनिटांचं काम आहे. बेअरिंग गेलंय."

"त्या एसीला हात लावलास तर तुझ्या डोक्यात झारा घालीन."

बरीच वर्षं आपण त्या बेअरिंगवर गायलो. मग चौघं एकदा एकत्र सुट्टीवर गेलो, आणि गावच्या सणाला फादरांनी आपल्याला पुढे उभं केलं. आपण इथून भरून पाठवलेल्या कॅसेटवरून आपलं गाणं आळीत सगळ्यांना पाठ होतं. चर्च गच्च भरलेलं. तू नेहमीसारखी मान तिरकी करून सूर ऐकायला लागलीस. तिथे कुठला एसी? नुसते पंखे. तू ऐकत राहिलीस, लोक बघत राहिले, आणि शेवटी घाबरून तू कुठला तरी सूर धरलास, भलता उंच. दुसऱ्या कडव्याला तुझा आवाज फाटला. अंतोन खोकला काढून गप्प. बावतीस तुझ्या तोंडाकडे बघत थांबला. राहिले मी. माझा खालचा आवाज, मला काही त्रास नव्हता. आख्ख्या चर्चात मी एकटी गात होते, पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जात होते. आणि पहिल्या बाकावरची म्हातारी शेजारणीला विचारते, "हे कुठलं गो गाणं? ओळखीचं वाटत नाही."

बाहेर आल्यावर अंतोन बोलला, "पुढच्या वेळी एसी पण विमानात घालून आणूया." आपण हसून हसून चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. मी पण हसले. पण ती म्हातारी माझ्या डोक्यातून गेली नाही.

त्यानंतर इथे चर्च झालं, लोक वाढले, आपलं नाव झालं. मी पण मॅडमचं घर सोडून बावतीसबरोबर खोली घेतली, मेल्विनला आणलं. मिस्सा झाली की लोक तुझ्याभोवती जमायचे, काय चाल, काय गळा. बावतीसला बोलायचे, काय तळ आहे बाबा. अंतोन तर बायकांचा लाडका. मला बोलायचे, "तुम्ही पण होतात का?" होते. आत होते.

पंचवीस वर्षं झाली तेव्हा तुझ्या हॉलमध्ये केक कापला. मी तेव्हा विचारलं. आठवतंय ना? मी आयुष्यात तुझ्याकडे एवढंच मागितलं.

"फिलू, विहिरीचं गाणं एकदा मी पहिल्या आवाजात म्हणू? एकदाच."

"मग बघू."

"मग कधी?"

"पोरी, वर कुणीपण गातं गो. मधे राहायला माणूस लागतो."

"मग तू राहा मधे."

अंतोन कप उचलून बोलला, "यल्ला, चला, चहा निवतोय."

तो आख्खा उपवासकाळ मी तुझ्याशी बोलले नाही. गायले, पण बोलले नाही. जेवताना अंतोनला मधे घालून बोलायचो. "अंतोन, तिला सांग कालवणात मीठ कमी आहे." "अंतोन, तिला सांग घरी जाऊन खा." ईस्टरला तू बोंबलाचं लोणचं घेऊन आलीस आणि बोलणं सुरू झालं. पण मी विचारलेलं तिथेच राहिलं. तू परत काढलं नाहीस, मी पण नाही.

मग बावतीस गेला. झोपेत गेला, काही बोलायला वेळ दिला नाही. आणि महिनाभरात तू त्याच्या जागेवर दुसरा माणूस आणलास, एका ऑफिसातला, चांगला माणूस. चारही आवाज तुला येत होते, तू त्याला बेडरूममध्ये कोंडून चौथा शिकवलास. मला काही सांगितलं नाहीस. मी नेहमीसारखी बाथरूममध्ये जाऊन बसले, आणि भिंतीपलीकडून बावतीसचा आवाज आला. लाद्यांमधून, पायात. मी उठून उभी राहिले. दार उघडलं तर परका माणूस.

मी तुला बोलले, "लाज नाही वाटली?"

तू बोललीस, "चार म्हणजे चार, रेजीन. आवाज थांबला नाही. माणूस थांबला."

"मला माणूस पायजे होता."

तू माझी चादर झटकून घातलीस, रात्री तिथेच राहा बोललीस. राहिले मी. पण तेव्हाच मनात ठरवलं की माझा आवाज मी कुणाला देणार नाही. मी गेल्यावर फिलूला दुसरी मिळायला नको. तिघांनी गाऊ देत, पोकळ. कळू दे लोकांना.

तुला वाटलं म्हातारी हट्टी आहे. हट्ट नाही गो. माझ्याकडे तेवढंच आहे.

आता बघ, मी कुठे आहे. बिन महमूदला मेल्विनच्या फ्लॅटमध्ये, चौथा मजला. लिफ्ट आहे, पण लिफ्टबाहेर सहा पायऱ्या आहेत, आणि गुडघे त्या सहांना तयार नाहीत. मुलगा-सून सातला कामाला जातात, शेरन कॉलेजला. चावी मला देऊन जातात. मी ती टेबलावर ठेवते आणि तिच्याकडे बघत बसते. तेव्हा चावी दुसऱ्याकडे होती आणि मला बाहेर जायचं होतं. आता चावी माझ्यासमोर आणि जायचं कुठे? खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. तिथे पण एक म्हातारी बसते, कुठल्या देशाची कोण जाणे. आम्ही हात करत नाही, नुसतं बघतो. वसईच्या घराला कुलूप, त्याची चावी इथे माझ्या बॅगेत. अंतोन गावाला आहे, पण त्याला आता मी कोण ते आठवत नाही.

तुला पेटीत घालून वसईला नेलं तेव्हा माझं राहण्याचं कार्ड रिन्यूला दिलेलं. मेल्विन बोलला, "आई, आठ दिवस थांब, मग बघू." सगळ्यांनी तुझंच शिकून घेतलंय. तुझी माती मी फोनवर बघितली. फोन अडकायचा. फादरांचा हात वर गेला तो वरच राहिला. गाणारे चांगले गायले, पण सगळे एकाच चालीवर. तुला मधे कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. आईला जायला मिळालं नाही, तुला पण नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

तू आजारी होतीस तेव्हाच शेरन आणि तिच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधली तिघं माझ्याकडे येऊन गेली होती. वसईचीच एक नर्स मुलगी, ती पहिला आवाज. ऑफिसात काम करणारे दोन पोरगे, ते तिसरा आणि चौथा. आपल्या जुन्या कॅसेटी त्यांनी फोनमध्ये घेतल्यात, कानाला लावून तीन आवाज शोधून काढले. दुसरा सापडेना. शेरन बोलली, "आजी, आय कॅन फील इट, बट आय कान्ट हिअर इट."

"मला आता आठवत नाही," मी बोलले.

खोटं. तू माझ्यासाठी एक खोटं बोललीस, मी तुझ्याविरुद्ध एक बोलले. फिटलं म्हणावं का?

तू गेल्यावर चौथ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी मेणबत्ती लावली, तुझा फोटो ठेवला, आणि तुझ्यासाठी विहिरीचं गाणं म्हणायला घेतलं. तोंडातून दुसरा आवाज आला. थांबले, परत सुरू केलं. परत दुसरा. तुझी चाल मला डोक्यात ऐकू येते, फिलू, तुझ्याच गळ्यात, स्वच्छ. पण तोंडात येत नाही. उचलायला जाते तशी घसरते आणि आपल्या जागेवर येऊन बसते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी प्रयत्न केला. मग फोटोसमोर बसून राहिले. तुझ्यासमोर मी तुझं गाणं गात होते आणि ते कुणाला ओळखता आलं नसतं. हलीमाभाभीला सोडून. माझ्याजवळ मी जे लपवून ठेवलं होतं, ते एकटं ठेवलं की काहीच नाही.

संध्याकाळी शेरन आली तिला सांगितलं, "बोलव त्यांना. आणि तू बाथरूममध्ये जा."

"आजी, आर यू सिरियस?"

"आत जा."

"तिथे रेंज नाहीये!"

"म्हणूनच जा."

एक जण बेडरूममध्ये, एक किचनमध्ये, नर्स मुलगी हॉलमध्ये. मेल्विन ऑफिसातून आला आणि त्याला हात धुवायला जागा मिळेना. मी बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. एकेक ओळ दाराला तोंड लावून द्यायची, आतून ती परत यायची. पहिल्या दिवशी पोरगी सारखी चालीवर पळायची. मी दारावर थाप मारायची. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी मी मधेच गप्प झाले, मुद्दाम, आणि आवाज थांबला नाही. दाराआडून येत राहिला. माझा आवाज, मी गप्प असताना. अंगावर काटा आला गो. बावतीस असता तर त्याला पण असंच झालं असतं का, ते मी त्या परक्या माणसावरून तुझ्यावर रागावले तेव्हा कधी मनात आणलं नाही.

काल नर्स मुलीची ड्युटी लागली, ती आली नाही. हॉलमधली खुर्ची रिकामी. किचनमधला पोरगा बोलला, "आजी, तुम्हीच म्हणा ना पहिला आवाज. नुसतं प्रॅक्टिसला."

बघ फिलू. एवढं सोपं होतं. एका पोराने चहा पिता पिता दिलं.

मी हॉलमध्ये जाऊन बसले. पदर नीट केला. मेल्विनचा एसी आवाज करत नाही, म्हणून एकाने फोनवर सूर वाजवला. सगळी दारं बंद. मी डोळे मिटले, तुला डोक्यात ऐकलं, तोंड उघडलं, आणि दुसरा आवाज आला. बाथरूममधून पण दुसराच. एक ओळ आम्ही दोघी एकच गात होतो, वर कुणी नाही. मग आतून शेरन ओरडली,

"आजी, दॅट्स माय पार्ट!"

मी परत सुरू केलं. तीनदा केलं. नाही आला, फिलू. मी त्या बाथरूममधून बाहेर आलेच नाही वाटतं. तू सगळ्यांची दारं उघडलीस, माझं पण उघडलंस, पण मी तिथेच बसून राहिले आणि दोष तुला देत राहिले. की दोष तुझा पण आहे? हे भांडण आता कुणाबरोबर मिटवू?

शेरन बाहेर आली, माझ्या गळ्यात हात टाकला. बोलली, शुक्रवारी तू पण आमच्याबरोबर उभी राहा, दोघी मिळून दुसरा गाऊ.

मी "नाही" बोलले. चार म्हणजे चार.

मेल्विन मला खुर्चीत बसवून त्या सहा पायऱ्या उतरवणार आहे. मी खाली बाकावर बसणार, लोकांमध्ये. चौघांचं गाणं बाहेरून कसं लागतं ते मला अजून माहीत नाही. तू सांगायचीस तेवढंच. मी तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करीन, पण इतक्या वर्षांची सवय आहे, भरवसा देत नाही. आपोआप सुरू झालं तर दारावर थाप मार.